वळिवानंतरची कॉफी

मार्चमधल्या पावसाला महाराष्ट्रात कोणी चांगले म्हणत नाही. कोकणात आंब्याचा मोहोर काळा पडतो, नाशिककडे द्राक्षांचे मणी तडकतात, काढून ठेवलेला कांदा भिजतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘अवकाळी’खेरीज दुसरी बातमी नसते. सह्याद्रीच्या कडेकडेने तसेच दक्षिणेला कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात गेले, की त्याच महिन्यात त्याच पावसासाठी लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले दिसतात. भारतातल्या कॉफीपैकी सुमारे एक तृतीयांश कॉफी या एका जिल्ह्यात पिकते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दमदार वळीव पडल्याशिवाय तिथली कॉफी नीट फुलत नाही. मळेवाले त्याला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात. तो पडल्यापासून आठ-दहा दिवसांनी मळेच्या मळे एका पहाटे पांढरे होतात आणि दोन-तीन दिवसांत तो बहर ओसरतो. फुलांचे फोटो पाहून निघणाऱ्याच्या हाती बहुधा तपकिरी पाकळ्या लागतात. म्हणून मी आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारे माझे एक मित्र, असे आम्ही दोघे पावसाच्या आधीच जाऊन बसलो.

शनिवार

म्हैसूरहून हुणसूर, पंचवळ्ळी, तितिमतीमार्गे गोणीकोप्पलला जाणारा रस्ता नागरहोळेच्या जंगलाला चाटून जातो. साग निष्पर्ण होता, बांबू वाळून पिवळा पडला होता आणि रस्त्याकडेच्या झुडपांवर धुळीचा थर होता. गोणीकोप्पलच्या पुढे सिद्धापूरच्या दिशेने वळल्यावर उंच झाडांच्या सावलीतले कॉफीचे मळे सुरू झाले, पण उकाडा कमी झाला नाही.

आमचा मुक्काम सिद्धापूरजवळच्या एका जुन्या मळ्यात होता. मालक सत्तरी उलटलेले कोडव गृहस्थ. चहापाण्याआधीच त्यांनी आम्हाला बागेत नेले. इथली कॉफी रोबस्टा जातीची. तिची तोडणी नुकतीच संपली होती. मोठाली, कातडी पाने दुपारच्या उन्हात लोंबत होती आणि काही फांद्यांची पाने इतकी मरगळली होती, की मळा आजारी असावा असे वाटावे. मालक मात्र समाधानी होते. “अशीच हवी,” ते म्हणाले. “आता पाणी पडले पाहिजे.”

एक आडवी फांदी धरून त्यांनी कळ्या दाखवल्या. कॉफीची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडीच्या बेचक्यात, गेल्या वर्षी वाढलेल्या लाकडावर, कळ्यांचे घट्ट झुबके धरतात. एका पेराला दोन्ही बाजू मिळून तीस-चाळीस कळ्या सहज होत्या. प्रत्येक कळी चार-पाच मिलिमीटर लांब, हिरवी, टोकाला बोथट आणि किंचित चिकट. या कळ्या पावसाळा सरताना धरतात, थोड्या वाढतात आणि मग जागच्या जागी थांबून राहतात. आमच्यासमोरच्या कळ्या अशा कित्येक आठवडे थांबलेल्या होत्या.

साडेचारच्या सुमारास नैर्ऋत्येकडून ढग आले. आधी वारा सुटला, सावलीच्या सिल्व्हर ओकची पाने उलटी होऊन चंदेरी दिसू लागली, वीज गेली आणि मग पाऊस असा कोसळला, की ओसरीवर बसलेल्या आम्हाला एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. पाऊणएक तासात अंगणाचा ओढा झाला. मालक खुर्चीत गप्प बसून पागोळ्यांकडे पाहत होते. सरीचा जोर ओसरू लागला तसे त्यांनी पहिले वाक्य उच्चारले, “एक इंच तर झालाच असेल.”

रविवार

सकाळी मळ्याच्या रायटरने पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या नळीत ओतून मोजले. इथल्या मळ्यांवर हिशेब ठेवणाऱ्या आणि मजुरांच्या कामावर देखरेख करणाऱ्या माणसाला ‘रायटर’ म्हणतात. पाऊस भरला एक इंच तीस सेंट. मिलिमीटर सरकारी कागदावर. मळेवाल्यांच्या बोलण्यात मात्र इंचाचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट हेच माप चालते. कालचा पाऊस आपल्या हिशेबाने तेहेतीस मिलिमीटर झाला. फुलोऱ्याला पंचवीस ते चाळीस मिलिमीटर लागतात, तेव्हा तो अगदी मापात पडला होता. रायटरने आकडा वहीत लिहिला. त्या वहीच्या आधीच्या वह्या कपाटात रचून ठेवलेल्या होत्या आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या मालकांच्या वडिलांच्या हस्ताक्षरातल्या होत्या.

न्याहारी होईपर्यंत फोन खणखणत राहिला. प्रत्येक फोनवर एकच चौकशी, तुमच्याकडे किती? वळिवाचा पाऊस नेमका कुठे पडेल याला धरबंध नसतो. सिद्धापूरकडे इंचभर, अम्मत्तीच्या बाजूला एका मळ्यात चाळीस सेंट आणि तिथून जवळच नुसता शिडकावा. चाळीस सेंटवाल्याचा आवाज फोनमधूनही पडलेला कळत होता, कारण अर्धामुर्धा पाऊस हा अजिबात न पडलेल्या पावसापेक्षा वाईट. त्याने कळ्या जाग्या होतात, पण पुऱ्या फुलण्याइतके पाणी त्यांना मिळत नाही. त्या खुरटतात किंवा त्यांची विकृत, हिरवट, चांदणीसारखी फुले होतात आणि त्यांना फळ धरत नाही. ज्यांच्याकडे तळे आहे ते अशा वेळी लगेच पंप लावून तुषार सिंचनाने उरलेले माप भरून काढतात. रोबस्टाचे बरेच मळेवाले हल्ली पावसाची वाट न पाहता फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वतःच हा पाऊस पाडतात. दुपारपर्यंत शेजारच्या मळ्यातून डिझेल इंजिनाचा आवाज येऊ लागला.

माझ्या मित्रांना पावसापेक्षा त्याआधीच्या कोरड्या दिवसांत अधिक रस होता, आणि मला वाटते, या सगळ्या प्रकरणाचे मर्म तिथेच आहे. कॉफीच्या थांबलेल्या कळीला आधी पाण्याचा ताण बसावा लागतो. कोरड्या हवेत काही आठवडे काढल्यावरच ती पुढच्या वाढीला तयार होते. मग जोराचा पाऊस पडून मुळांना आणि फांदीला पाणी मिळाले, हवा एकदम गार झाली, की कळीतल्या जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि ती झपाट्याने लांबू लागते. ताण पुरेसा बसलेला असेल तर मळ्यातल्या बहुतेक कळ्या एकाच वेळी तयार असतात आणि एकाच दिवशी उमलतात. विषुववृत्ताजवळच्या ज्या मुलुखात कोरडा ऋतू धड नसतो, तिथे कॉफी वर्षभर थोडी थोडी फुलत राहते आणि तिची तोडणीही वर्षभर रेंगाळते. आपल्याकडच्या डाळिंब आणि संत्र्याच्या बागायतदारांना हे समजावून सांगायला नको. बाग ताणावर सोडायची आणि मग पाणी देऊन बहार धरायचा, हे ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. कोडगूत ताण डिसेंबर-जानेवारीचे ऊन देते आणि बहार वळीव धरतो, इतकाच फरक.

सोमवार, मंगळवार

कळ्यांत काहीही बदल नाही. पाने मात्र उभारी धरून ताठ झाली होती आणि धूळ धुतली गेल्याने मळ्याचा रंगच पालटला होता.

दिवस काढायचे म्हणून आम्ही जवळच्या एका देवराईत गेलो. कोडगूत हिला देवरकाडू म्हणतात आणि जिल्ह्यात अशा बाराशेवर देवरायांची नोंद आहे. आत नागचाफ्याची कोवळी पालवी लालभडक होती. परतताना मळ्याच्या कडेला हत्तीची वाळलेली लीद दिसली. काठीने ती जरा उलगडली तर आत सोललेले कॉफीचे दाणे. पिकलेल्या रोबस्टाची फळे खायला रानातले हत्ती मळ्यांत शिरतात, त्यामुळे इथे पहाटे कामावर निघालेले मजूर आधी हत्ती कुठे आहेत याची खबर घेतात. अंधारात बागेत पाऊल टाकायचे नाही, असे आम्हालाही बजावले होते.

बुधवार

आज कळी हलली. मित्रांनी शनिवारी एका फांदीला दोरा बांधून ठेवला होता. त्या पेरावरच्या कळ्या जवळपास दुप्पट लांब झाल्या होत्या आणि त्यांचा गडद हिरवा रंग फिकट पोपटी झाला होता. झुबका आता घट्ट राहिला नव्हता, कळ्या एकमेकींपासून सुटून वर तोंड करू लागल्या होत्या.

दुपारी मडिकेरीच्या रस्त्याला लागलो. वाटेत चेट्टळ्ळीला कॉफी संशोधनाचे उपकेंद्र आहे. मुख्य केंद्र चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला असून त्याची सुरुवात १९२५ साली प्रयोग केंद्र म्हणून झाली. मडिकेरी अकराशे मीटरहून उंच आहे. तिथल्या गार उतारांवर अरेबिका कॉफी अधिक दिसते. अरेबिका हीच इथली मूळची लागवड. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्याची कथा सांगतात ती याच जातीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पानांवरच्या तांबेऱ्याने अरेबिकाचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा रोगाला दाद न देणाऱ्या जातीचा शोध सुरू झाला आणि त्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी रोबस्टा इथे आली. मडिकेरीच्या अरेबिकाच्या कळ्या अजून लहान आणि निद्रिस्त होत्या, कारण तिथे शनिवारी पाऊस झाला नव्हता. तीस किलोमीटरच्या अंतरात एकाच पिकाचे दोन निरनिराळे ऋतू चालू होते.

शुक्रवार

मळेवाले या अवस्थेला ‘कँडल’ म्हणतात आणि ते नाव पाहताक्षणी पटते. प्रत्येक पेरावर बोटाच्या पेराहून आखूड, निमुळत्या, पांढुरक्या कळ्या मेणबत्त्यांसारख्या ताठ उभ्या होत्या. हिरवा रंग आता फक्त देठाशी उरला होता. कळीच्या वरच्या भागात पाकळ्या एकमेकींवर पिळून बसलेल्या भिंगातून स्पष्ट दिसत होत्या. सगळा पीळ एकाच दिशेचा. नखाने एक कळी उकलली तर आत कोवळे पुंकेसर तयार होते, वास मात्र जवळपास नव्हता.

उमललेल्या मळ्यापेक्षा मला हा कळ्यांचा मळा अधिक आवडला. फुलल्यावर सगळे एकजात पांढरे होते आणि नजर ठरत नाही. कळ्यांच्या वेळी हिरवे पान, फांदीचा करडा रंग आणि पांढऱ्या रेघांच्या ओळी अजून वेगवेगळ्या दिसतात.

संध्याकाळी मालक २०२१ च्या जानेवारीची हकीकत सांगत होते. त्या वर्षी पाऊस जानेवारीतच कोसळला, आणि तेव्हा रोबस्टाची पिकली फळे अजून झाडावर होती. कळ्यांना महिन्याशी देणेघेणे नसते. ताण बसला होता आणि पाणी मिळाले, त्या फुलल्या. एकाच फांदीवर लाल फळे आणि पांढरी फुले आली. तोडणी करावी तर फुले झडतात आणि थांबावे तर फळे गळून जमिनीवर पडतात. “तोडली,” ते म्हणाले, “हातचे पीक सोडणार कोण?”

रविवार

पहाटे खिडकीतून आलेल्या वासानेच जाग आली. उजाडेपर्यंत ओसरीवर थांबलो आणि हत्ती नसल्याची खात्री करून रायटरबरोबर बागेत गेलो.

फांदीच्या टोकाकडची तीन-चार पाने सोडली, तर त्यामागची सगळी फांदी फुलांखाली झाकली गेली होती. पेरापेराला फुलांचे गोल कडे आणि दोन कड्यांमध्ये एखाद-दुसरे पान, अशी प्रत्येक फांदी. अशा फांद्यांचे मजले प्रत्येक झाडाला. आणि झाडांच्या रांगा उतारावरून खाली ओढ्यापर्यंत. वरून सावलीच्या झाडांमधून तिरपे ऊन पडत होते, त्यामुळे सगळा मळा एकसारखा पांढरा न दिसता कुठे निळसर, कुठे पिवळट दिसत होता.

एक फूल हातात घेतले. खाली बारीक नळी, वर पाच ते सात लांबट पाकळ्या. पाकळ्यांच्या मधल्या फटींतून बाहेर आलेले तितकेच पुंकेसर आणि मधोमध टोकाशी दुभंगलेली कुक्षी. वास जाईच्या इतका जवळचा, की आंत्वान द ज्युसिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या आरंभी कॉफीला जाईच्याच गटात घातले होते. लिनियसने पुढे तिला स्वतंत्र प्रजाती दिली. कुळाने कॉफी आपल्या अनंताची आणि कदंबाची भाऊबंद आहे. अनंताचा वास आठवून पाहिला तर हे नाते नाकाला लगेच पटते, फक्त कॉफीचा वास इतका दाट असतो, की तासाभराने तो जाणवेनासा होतो आणि बागेबाहेर जाऊन परत आल्यावरच पुन्हा कळतो.

आवाज मात्र जाणवेनासा होत नाही. मळ्यात सर्वत्र मधमाश्यांचा एकसुरी गुंजारव भरला होता. काठावरच्या एका उंच झाडाच्या फांद्यांखाली आग्यामाश्यांची पाच-सहा मोठी पोळी लोंबत होती. बागेत त्या होत्याच, शिवाय मालकांनी ठेवलेल्या पेट्यांतल्या सातेरी माश्या होत्या. कोडगूचा मध एकेकाळी प्रसिद्ध होता. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरी माश्यांवर थाई सॅकब्रूड या विषाणूची साथ आली आणि पेट्याच्या पेट्या ओस पडल्या. तो धंदा पुन्हा उभा राहिला, पण पूर्वीसारखा नाही, असे मालकांचे म्हणणे.

रोबस्टाला या माश्यांची गरज अरेबिकापेक्षा फार अधिक आहे. अरेबिकाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. रोबस्टाच्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, तो दुसऱ्या झाडाकडूनच यावा लागतो. काही वाऱ्याने येतो, काही माश्यांबरोबर. म्हणूनच सगळा मळा एका दिवशी फुलण्याला इतके महत्त्व आहे. एकेकटे झाड आज, दुसरे चार दिवसांनी, असे फुलले तर पराग द्यायला शेजारी कोणी जागे नसते. त्या दिवशी या भागात मालकांनी कोणालाही कामाला घातले नव्हते, फवारणी तर महिनाभर बंद होती. माश्या दहाच्या सुमारास सर्वांत जास्त होत्या. एकच माशी डोळ्यांनी धरून ठेवण्याचा प्रयत्न मी केला. एका झुबक्यावर क्षणभर, लगेच पुढच्या झाडावर, आणि मग त्या गर्दीत ती वेगळी राहिली नाही.

दुपारी रस्त्यावर गाड्या थांबू लागल्या. लोक कुंपणाशी येऊन फोटो काढत होते, काही जण फांद्या जवळ ओढत होते. रायटर प्रत्येकाला शांतपणे सांगत होता, हात लावू नका. झडलेल्या प्रत्येक फुलाबरोबर एक फळ जाते, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, जरी सगळीच फुले फळत नसली तरी.

सोमवार

आज सगळ्यांचे डोळे पुन्हा आभाळाकडे, पण उलट्या कारणाने. उमललेल्या फुलांवर पाऊस पडला तर पराग धुऊन जातो आणि माश्या बाहेर पडत नाहीत. दुपारी पश्चिमेला ढग जमले, गडगडले आणि विराजपेटकडे सरकले. नऊ दिवसांपूर्वी ज्या ढगांची आळवणी चालली होती, त्यांना आज मालक ओसरीवरून हाताने ‘जा, जा’ म्हणून खुणावत होते.

संध्याकाळी पाकळ्यांच्या कडा मऊ पडल्या होत्या. वास अजून होता, पण त्याला शिळेपणा आला होता.

मंगळवार

फुले तपकिरी झाली आणि वाळून फांदीलाच चिकटून राहिली. आदल्या दिवसापर्यंत कुंपणाशी थांबणाऱ्या गाड्या आता न थांबता जात होत्या. मळेवाल्याची काळजी मात्र इथून पुढे असते. फूल फळल्यावर इवलेसे फळ टिकायचे तर पंधरा-वीस दिवसांत आणखी एक पाऊस हवा. त्याला ‘बॅकिंग शॉवर’ म्हणतात. तो आला नाही, तर चांगला फुललेला मळाही हात देत नाही.

आम्ही निरोप घेतला आणि सोमवारपेट, सकलेशपूरमार्गे चिकमगळूरकडे निघालो. वाटेत पावसाचा नकाशा झाडांवरून वाचता येत होता. एका वळणावर डाव्या हाताचा मळा पूर्ण बहरात, उजव्या हाताचा कोरडा आणि मरगळलेला; पुढे एका ठिकाणी तुषार सिंचनाच्या फवाऱ्याचे पाणी जिथवर पोहोचले तिथवरच फुले आणि पलीकडे एकही नाही. सकलेशपूरनंतर सगळीकडे अरेबिका, आणि तिच्या कळ्या सगळीकडे बंद. चिकमगळूरला ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या वहीत महिन्याभराचा पाऊस शून्य होता.

सिद्धापूरच्या मालकांचा फोन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. बॅकिंग शॉवर ऐंशी सेंट पडला होता. तपकिरी पाकळ्या गळून गेल्या होत्या आणि पेरांवर टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी फळे दिसत होती. ती आता जूनचा पाऊस लागेपर्यंत तशीच बारीक राहतील आणि मग भरू लागतील. किती धरली, किती गळली, याचा खरा आकडा तोडणीला, म्हणजे पुढच्या जानेवारीत कळेल.